कासवाला ‘म्होरं’ येत नाही

६ ऑक्टोबर, सोमवार

टीऽऽऽ अशी लांब शिट्टी, मग खर्र-खर्र-खर्र, जणू कुणी पत्र्यावर तांदूळ पाखडतंय, आणि पुन्हा टीऽऽऽ. आज सकाळी दाढी करताना हा आवाज अगदी स्पष्ट कानात आला. हिला म्हटलं, ऐकलंस का? ही म्हणाली, "मिक्सर आहे. चटणी वाटतेय."

मिक्सर नव्हता. शाळेतल्या संगणकात कॅसेटवरून प्रोग्राम चढायचा तेव्हाचा तो आवाज. एकोणीसशे शहाऐंशी साली सरकारी योजनेतून आमच्या डोंबिवलीच्या शाळेला चार संगणक मिळाले होते. टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट लावायची आणि शिट्टी थांबेपर्यंत सगळ्या वर्गानं श्वास रोखून बसायचं. आजची मुलं बोट लावतात आणि सगळं उघडतं. वाट पाहण्यातलं काव्य त्यांना कुठून कळणार?

दुपारी साईनाथचा फोन. हा माझा विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायचा. आता संस्थेचा विश्वस्त आहे आणि खिडक्यांसकट इमारती बांधतो. म्हणाला, "सर, डिसेंबरमध्ये शाळेचा अमृतमहोत्सव आहे. तुमचे ते जुने कॉम्प्युटर अजून वरच्या खोलीत पडलेत. एकदा येऊन बघून जा ना." ‘पडलेत’ हा शब्द मला लागला. निवृत्त माणसाबद्दलही लोक हेच क्रियापद वापरतात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेत जाऊन आलो. साईनाथनं चहा मागवला तेव्हाच ओळखलं, काहीतरी कडू सांगायचंय.

वरच्या खोलीत म्हणे रोबोटिक्स लॅब व्हायची आहे. कंपनी तयार आहे, भंगारवालाही तयार आहे. "पण सर, मी तुमच्यासाठी थांबवलंय," तो म्हणाला. "कार्यक्रमाच्या दिवशी एक करा. आपल्याच शाळेतलं, ज्याला प्रोग्रॅमिंगचा गंधही नाही असं पोर या मशीनवर बसवायचं. त्यानं पाहुण्यांसमोर स्वतः काहीतरी लिहून चालवून दाखवायचं. जमलं तर खोली तुमची, मशीन तुमची, दर शनिवारी वर्ग घ्या. नाही जमलं तर मला बोल लावू नका."

म्हटलं, जमेल.

"कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं ते तुम्ही ठरवा. म्हणजे तुम्ही दोघांनी. परेरा सरांनाही सांगितलंय."

इथे चहा खरोखर कडू लागला.

इनास परेरा. गणिताचे. ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत राहतात, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, आणि एकाच स्टाफरूममध्ये हयात काढून माझ्याशी ‘नमस्कार’ आणि ‘तास बदलून मिळेल का’ याच्या पलीकडे फारसं बोललेले नाहीत. आमच्या घरी कधी पाऊल नाही. लेकीच्या लग्नात आहेरही शिपायाबरोबर पाठवला.

कारण काय, तर संगणक आले तेव्हा हेडसरांनी योजनेचं इंग्रजी पत्र वाचलं. ‘प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ शिकवायला योग्य शिक्षक नेमा, असं त्यात होतं. हेडसर म्हणाले, लँग्वेज आहे ना, मग लँग्वेज टीचरनं शिकवावी. हिंदीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, इंग्रजीचे सर शिकवण्यांत बुडालेले. राहिलो मी, मराठीचा. परेरा तेव्हा रोज संध्याकाळी मुंबईला जाऊन स्वतःच्या हौसेनं संगणक शिकून आले होते हे खरं, पण पडले गणिताचे. त्यांचा भाषेशी काय संबंध? मला अजूनही हेडसरांचा निर्णय बरोबर वाटतो. एवढ्यावरून माणूस रुसतो, याला काय म्हणावं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

यंत्रं चालू केली. पहिल्या यंत्रानं दोन मिनिटं विचार केला आणि धूर सोडला. शिपाई वाळूची बादली घेऊन धावला. परेरा मात्र खुर्चीतून न उठता म्हणाले, "कपॅसिटर गेला. जुना झाला की जातो. माणसासारखंच आहे." पिशवीतून पाना, सोल्डरिंगची कांडी, सगळं काढलं. म्हणजे घरूनच तयारीनं आले होते. धूर निघणार हे आधी माहीत होतं, तर आधी सांगायला काय झालं होतं?

दुपारपर्यंत तीन यंत्रं जागी झाली. काळ्या पडद्यावर पांढरी चौकट लुकलुकायला लागली. मला भरून आलं. परेरांनी चष्मा काढून पुसला. धूळ गेली असणार.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी झाली. सुट्टीत शाळेत शुकशुकाट असतो, म्हणून आज सॉफ्टवेअरची सभा. सभासद दोन, मतं दोन.

परेरांचं म्हणणं, बेसिक. यंत्र चालू केलं की बेसिक आत हजर असतं, काही चढवायला नको, काही बिघडायला नको. मुलानं एक ओळ लिहावी, यंत्रानं लगेच उत्तर द्यावं. "नवशिक्याला पहिल्या मिनिटात उत्तर मिळालं पाहिजे," ते म्हणाले.

मी म्हटलं, नवशिक्याला पहिल्या मिनिटात चित्र मिळालं पाहिजे. माझं मत कासव.

कासव म्हणजे लोगो, बेसिकसारखीच एक संगणकभाषा. पडद्यावर एक लहानसा त्रिकोण असतो, त्याला कासव म्हणायचं; कवीला एवढी सूट द्यावीच लागते. ‘फॉरवर्ड पन्नास’ लिहिलं की ते रेघ ओढत पुढे जातं, ‘राइट नव्वद’ म्हटलं की काटकोनात वळतं. लोगोची खुबी अशी की त्याला नवे शब्द शिकवता येतात. एकदा सांगून ठेवलं की ‘पुढे’ म्हणजे फॉरवर्ड, की ते ‘पुढे’ ऐकतं. शहाऐंशी साली मी त्याला मराठी शिकवलं. पुढे, मागे, उजवे, डावे आणि पुन्हा. ‘पुन्हा’ म्हणजे तर सरळ ध्रुवपदच. चार वेळा तीच ओळ म्हटली की चौकोन. पोरांना मी म्हणायचो, ही भूमिती नाही, हे गाणं आहे.

"ते खेळणं आहे, रिसबूड," परेरा म्हणाले.

"मुलं खेळण्यानंच शिकतात."

"मग भोवरा द्या."

"भोवऱ्याला काय सांगितलेलं कळतं?"

"तुमच्या कासवाला तरी कुठं कळत होतं? मालनला विचारा."

ही मालन म्हणजे मानपाड्याकडून यायची ती मुलगी. पहिल्याच दिवशी तिनं ‘पुढे’ऐवजी ‘म्होरं’ टाइप केलं. लोगोला शब्द माहीत नसला की ते स्वच्छ सांगतं. पडद्यावर आलं, ‘आय डोन्ट नो हाऊ टू म्होरं’. वर्ग हसून हसून लोळला. मी तिला नीट समजावलं की बाळ, घरी काहीही बोल, पण शाळेत ‘पुढे’. पुढचे काही तास ती आली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र आली आणि एका बैठकीत शिडासकट होडी काढून दाखवली. तिचं मराठी इतकं सुधारलं होतं. श्रेय कुणाचं ते मी लिहीत नाही.

हे परेरांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फुडच्या महिन्यात शाळा भरलेली असंल. पोरांवरच ट्राय करू. दोन्ही."

फुडच्या. भाषेच्या शिक्षकासमोर, भाषेची चर्चा चालू असताना. मी ‘पुढच्या’ असं शुद्ध करून दिलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कासवाची माझी जुनी कॅसेट माळ्यावर सापडली. टेपरेकॉर्डरचा पट्टा डांबरासारखा वितळला होता, तिथे हिचा केसांचा रबर लावला. कॅसेट लावली, कान टवकारले. शिट्टीऐवजी कुणीतरी खाकरलं. मग एक भारदस्त आवाज म्हणायला लागला:

पाठीवरती घर घेउनी कासव गेले शाळेला,
पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती, रेघ उमटली वाळूला.

मी हिच्यावर उखडलो. म्हटलं, माझ्या प्रोग्रामवर कुणाच्या कविता टेप करून ठेवल्यास?

"आवाज ओळखा," ही म्हणाली.

माझाच होता. रेडिओला पाठवायचं म्हणून मी कधीतरी कविता टेप करत होतो, ते आठवलं. कासवाच्या अंगावर कासवाचीच कविता चढवली, यात एक प्रकारचं औचित्य आहे, पण प्रोग्राम गेला तो गेलाच.

"आणि वाळूला नाही हो," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "रेघ वाळूवर उमटते."

"वृत्तासाठी घ्यावं लागतं तसं. अर्थ कळल्याशी कारण."

"असं होय," ही म्हणाली. तिच्या स्वरात काहीतरी होतं, पण वृत्ताचं तिला काय कळतंय.

मग रबरही तुटला. टेपरेकॉर्डर संपला. लोगो यंत्रातच असतं, पण त्याला शिकवलेले मराठी शब्द आता सगळे नव्यानं टाइप करणं आलं, एका बोटानं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मुलांवर प्रयोग. सहावीची सात-आठ मुलं. परेरांनी पहिला अर्धा तास बेसिक घेतलं. दोन ओळी. पहिली, ‘माझं नाव छाप’. दुसरी, ‘पुन्हा पहिल्या ओळीवर जा’. रसिका नावाची मानपाड्याच्या पलीकडच्या गावातली मुलगी पुढे होती. तिनं ‘रन’ म्हटलं आणि पडदाभर रसिका रसिका रसिका. थांबेचना. पोरं किंचाळली. प्रत्येकाला आपल्या नावाचा पूर हवा. मला मान्य करावं लागतं की दृश्य बरं होतं. पण त्यात काव्य कुठे आहे? नामजप आहे.

मग माझं कासव. फळ्यावर सुवाच्य मराठीत लिहिलं: पुढे. म्हटलं, आता हेच इंग्रजी अक्षरांत टाइप करा. यात चुकण्यासारखं काय आहे?

पहिल्यानं लिहिलं पी-यू-डी-ई. ‘आय डोन्ट नो हाऊ टू’. दुसऱ्यानं पी-यू-डी-एच-ए-वाय. ‘आय डोन्ट नो हाऊ टू’. विनीत म्हणून एक चुणचुणीत मुलगा आहे, त्यानं अगदी बरोबर पी-यू-डी-एच-ई लिहिलं, त्याचं कासव चाललं. बाकी खोलीभर नुसतं ‘आय डोन्ट नो’. मी यंत्रायंत्राशी फिरून एच घाला, वाय काढा, असं शुद्धलेखन तपासत होतो. खूप वर्षांनी हातांना लाल पेनची सय आली.

तेवढ्यात रसिकानं विचारलं, "सर, म्होरं कसं लिवायचं?"

म्हटलं, म्होरं नाही बाळ, पुढे. तिनं आधीच टाकलं होतं. यंत्रानं जे चाळीस वर्षांपूर्वी मालनला सांगितलं तेच हिला सांगितलं. मुलं हसली. ती हात मांडीवर ठेवून बसली ती तास संपेपर्यंत.

पोरं गेल्यावर परेरा म्हणाले, "पाह्यलंत? यंत्र म्हणतंय मला येत नाही. पोराला वाटतं आपल्यालाच येत नाही."

"शुद्ध लिहिलं की येतं."

"रोमन लिपीतलं शुद्ध मराठी कुठल्या व्याकरणात छापलंय हो?"

"जे मी शिकवतो ते."

"मग फॉरवर्ड ठेवा. फॉरवर्डचं स्पेलिंग एकच आहे. सगळ्यांना सारखंच परकं."

"माझ्या वर्गात कासव इंग्रजी बोलणार नाही."

परेरांनी पाना पिशवीत टाकला, सोल्डरिंगची कांडी गुंडाळली. म्हणाले, "तेव्हाही तुम्ही असंच म्हणालावतात. मग तुमचं कासव तुम्हीच हाका." आणि गेले. दारातून वळून त्या रिकाम्या खुर्चीकडे मात्र बघितलं, रसिका बसली होती तिच्याकडे.

१६ नोव्हेंबर, रविवार

हिला सगळं सांगितलं. ही मेथी निवडत होती.

"मग ती मुलगी म्होरं म्हणाली तर म्हणू दे ना," ही म्हणाली. "कासवाला सांगून टाका, म्होरं म्हणजे पण पुढेच. तुम्हीच म्हणालात ना, त्याला नवे शब्द शिकवता येतात?"

मी हसलो. म्हटलं, अशानं उद्या कुणी काहीही म्हणेल आणि कासव ऐकत सुटेल. मग त्याला भाषा म्हणायची की बाजार?

"बाजारात बरं चालतं सगळ्यांचं," ही म्हणाली.

२ डिसेंबर, मंगळवार

परेरा येत नाहीत. महोत्सवाच्या व्हॉट्सॲप गटावर मी रोज प्रगती कळवतो. बाकीचे हात जोडतात, फुलं टाकतात. परेरांच्या नावापुढे फक्त दोन निळ्या रेघा.

मला त्यांची गरज नाही. कासव पुरतं टाइप झालंय: पुढे, मागे, उजवे, डावे, पुन्हा, शिवाय रंग आणि चांदणी. साठवून ठेवायला टेपरेकॉर्डर नाही, तर यंत्र बंदच करायचं नाही, अशी साधी युक्ती काढली आहे. त्यावर कागद चिकटवला: ‘बंद करू नये. आत कासव आहे.’ कार्यक्रमाला विनीतच बसेल. त्याचं शुद्धलेखन पक्कं आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मंडपवाल्यानं दिव्यांच्या माळेसाठी प्लग काढला.

कागद वाचला होता त्यानं. म्हणाला, "मला वाटलं खरंच कासव असंल, म्हनून खोका उघडून पाह्यला. नव्हता. मग काढला प्लग." असा तर्कशुद्ध माणूस शाळेला मुख्याध्यापक म्हणून मिळायला हवा होता.

कार्यक्रम उद्या. जे टाइप करायला पंधरवडा लागला ते एका दुपारी होणार नाही. चुकलं की मागे जायचं बटण कुठे आहे तेही आज सुचेना. गटावर कळवलं, सगळ्यांनी हात जोडले. त्या खोलीत बसून राहिलो. भिंतीवर कंपनीच्या माणसानं पेन्सिलनं खुणा करून ठेवल्यात, कुठे कुठे टेबलं येणार त्याच्या. आम्हाला न विचारता.

चारच्या सुमाराला साईनाथचा ड्रायव्हर वर आला. तो ठाण्याला पाहुण्यांना पत्रिका द्यायला गेला होता. हातात पिशवी. आत टेपरेकॉर्डर, चालू स्थितीतला, आणि एक कॅसेट. कॅसेटवर परेरांच्या त्या ठाशीव अक्षरांत ‘कासव’.

"काही निरोप?"

"काही नाही. बोलले, आवाज मोठा ठेवा, नाहीतर चढत नाही."

लावली. टीऽऽऽ. खर्र-खर्र-खर्र. मी डोळे मिटून ऐकलं. शिपाई म्हणाला, "सर, बिघडलंय वाटतं." त्याला कसं सांगू.

चढलं. ‘पुढे पन्नास’ म्हटलं, गेलं. माझंच जुनं कासव. आता प्रश्न असा की ज्या माणसानं जन्मभर याला खेळणं म्हटलं, त्यानं याची नक्कल एवढी वर्षं टेपरेकॉर्डरसकट जपून का ठेवली? हेवा, दुसरं काय. माणूस जे मिळालं नाही ते असं चोरून जपतो. असो. वेळेला उपयोगी पडली. आभाराचा एक ओळीचा संदेश टाकला. दोन निळ्या रेघा.

१३ डिसेंबर, शनिवार

नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पाहुणे वर आले. साईनाथ, कंपनीचे दोघे, हार घातलेले काहीजण. परेरा नाहीत. आणि विनीत खाली पाण्याच्या टाकीपाशी ओकतोय. त्याची आई म्हणाली, टेन्शन. ज्याचं शुद्धलेखन पक्कं त्याचं पोट कच्चं.

साईनाथ म्हणाला, "अरे, दुसरं कोणी बसवा. सर बोललेत ना सोपं आहे म्हणून."

कुणी हलेना. मग मागून रसिका आली. मी तिला खुणेनं नको म्हणत होतो, ते तिला ‘ये’ असं वाटलं असावं. बसली. मी वाकून हळूच म्हटलं, "पी-यू-डी-एच-ई." तिनं मान हलवली आणि एका दमात दाबलं: एम-एच-ओ-आर-ए. शंभर.

मी पडद्याकडे पाठ केली. भिंतीवरच्या त्या पेन्सिलच्या खुणा समोर आल्या.

टाळ्या कसल्या वाजतायत म्हणून वळलो. कासव गेलं होतं. सरळ, वरपर्यंत, पांढरीशुभ्र रेघ ओढत. ‘म्होरं’ म्हटल्यावर.

मग ती थांबलीच नाही. म्होरं, उजवे, म्होरं. मधेच ओरडली, "अरे, हा तं ऐकतो." होडी काढली, शीड काढलं. कंपनीच्या माणसानं मोबाइलवर टिपलं. मी रुमालानं घाम पुसला. लोकांना वाटलं सर भावुक झालेत.

साईनाथनं खाली जाताना खांद्यावर हात ठेवला. "मानलं, सर. भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो. फक्त एक आहे, रागवू नका. शनिवारचा वर्ग घ्यायचा तर दोघं पाहिजेत. मशीनमधून धूर आला तर तुम्ही काय करणार, कविता म्हणणार? परेरा सर हो म्हणाले तर खोली तुमची. या महिन्यात कळवा, नाहीतर जानेवारीत रोबोट येतायत."

१४ डिसेंबर, रविवार

परेरांना फोन केला. उचलला नाही. संदेश टाकला: ‘शनिवारच्या वर्गासाठी आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे.’ ही म्हणाली, "हे वीज मंडळाला लिहिल्यासारखं वाटतं." दुसरा टाकला: ‘म्होरं चाललं.’ दोन्हींवर निळ्या रेघा.

पण ते चाललं कसं? मी त्याला कधीही म्होरं शिकवलं नाही. दिवसभर हाच विचार. यंत्र आपणहून शिकत नाही. मालननं स्वतः घातलं म्हणावं, तर तिला तेव्हा ते कुणी शिकवलं? कदाचित मीच एखाद्या हळव्या क्षणी, पोरीकडे बघून, घातलं असेल आणि विसरलो असेन. तसा मी आतून मऊ आहे. हिला हे सुचवलं. ही इतकी हसली की चहा सांडला.

१७ डिसेंबर, बुधवार

शाळेत जाऊन कासवाची परीक्षा घेतली. पी-यू-डी-ई: चाललं. पी-यू-डी-एच-ए-वाय: चाललं. त्या दिवशी पोरांनी केलेल्या सगळ्या चुका एकेक करून टाकल्या. सगळ्या चालतात. उजवेचे प्रकार चालतात, डावेचे चालतात. कुणीतरी बसून, प्रत्येक पोराची चूक आठवून आठवून, कासवाला शिकवलेली आहे. म्हणजे मालनचं मराठी सुधारलं नव्हतं. कासवाचं बिघडलं होतं.

मग मी म्हटलं, बघूच मर्यादा कुठवर आहे. यातलं सगळ्यात अशुद्ध काय असू शकेल? एफ-यू-डी-ए टाकलं. फुडा, की फुडं, जे काय असेल ते. पन्नास.

गेलं. जरा जास्तच ऐटीत गेलं असं मला वाटलं.

घरी येऊन हिला विचारलं, हा फ कुणाचा? मालनचा म्होरं समजू शकतो. पण फुडं असं कोणता विद्यार्थी म्हणायचा?

"विद्यार्थी?" ही म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली, त्या दिवशी परेरा बघत होते तशीच. "तुम्हाला खरंच आठवत नाही, कोण म्हणतं?"

हिला कोडी घालायची वाईट सवय आहे. म्हटलं, सांगायचं तर सांग. म्हणाली, "मी कशाला सांगू? भाषेचे शिक्षक तुम्ही."

२० डिसेंबर, शनिवार

आज वर्ग असता तर आता सुरू झाला असता. परेरांचं उत्तर नाही. साईनाथचा सकाळीच संदेश: ‘सर, काय ठरलं?’ खाली हात जोडलेले. कंपनीची टेबलं आली म्हणे, जिन्याखाली ठेवलीत.

लिहायला बसलो आहे, पण डोक्यात तोच फ आहे. वर्गात कुणाच्या तोंडून ऐकला होता? वर्गात नव्हेच. सभेत. सॉफ्टवेअरच्या सभेत, दिवाळीनंतर. मी शुद्ध करून दिलं होतं

बेल वाजली. इस्त्रीवाला असेल. ही गेली आहे दार उघडायला.

इस्त्रीवाला एवढा वेळ बोलत नाही. ही आतल्या दारापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "अहो, परेरा सर आलेत. चपला काढून बाहेरच उभेत, आत येत नाहीत. हातात कॅसेटी आहेत कसल्या तरी. म्हणतात, पहिला अर्धा तास बेसिक, मग कासव. पटत असंल तर येतो, नाहीतर हितूनच जातो."

उठायला गेलो तर गुडघा धरला. म्हणून इथूनच, खुर्चीतूनच हाक मारली. ‘या, पुढे या’ असं म्हणायचं होतं. जन्मभर तसंच म्हणत आलो आहे. तोंडातून निघालं ते दारापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं असणार, कारण तिकडून चाळीस वर्षांत पहिल्यांदा परेरांचं हसू आलं.

"फुडं या," मी म्हणालो.